चाकावरचं घर घ्याल, पण उभं कुठे करणार?

यावेळी पत्रं भरपूर आलीत, त्यातली तीन घेतेय. बँकेत होम लोनच्या टेबलावर सत्तावीस वर्षं लोकांच्या फायली चाळल्यात, त्यामुळे माझी उत्तरं जरा कागदांकडेच वळतात, सांभाळून घ्या.

प्रश्न : मावशी, आम्ही लालबागला भाड्याच्या खोलीत राहतो, मी, बायको, मुलगी आणि आई. दोघांचं मिळून वर्षाला साडेसात लाख येतात. मावसभाऊ अमेरिकेत असतो, त्याने तिकडे मोबाइल होम घेतलं, म्हणतो बरंच स्वस्तात पडलं. आपल्याकडे पण आता कंटेनरची घरं मिळतात, व्हॅनमध्ये किचन-बेड करून देतात. मुंबईत अशी व्हॅन लावून राहता येईल का? नाहीतर सासऱ्यांच्या मुरबाडच्या शेतात कंटेनर ठेवू का? प्लीज हसू नका.
– एक वाचक, लालबाग

उत्तर : हसले नाही हो. मुंबईत पगारदार माणसाने घराचा विचार करायचा म्हणजे असलंच काहीतरी सुचणार.

आधी तुमच्या मावसभावाचं बघू. तिकडच्या मोबाइल होमची चाकं नावालाच असतात, फॅक्टरीत बनवतात, ट्रकने आणून ठेवतात आणि मग ते सहसा तिथून हलत नाही. 15 जून 1976 पासून बनलेल्या अशा घरांना तिथल्या केंद्र सरकारचे नियम लागतात आणि सरकारी नाव आहे मॅन्युफॅक्चर्ड होम. स्वस्त पडतं कारण बऱ्याचदा घर तुमचं असतं पण खालची जागा पार्कवाल्याची (अशी घरं ठेवायला जागा भाड्याने देणारा), तिचं भाडं दर महिन्याला वेगळं. भाडं वाढवलं तर घर उचलून दुसरीकडे न्यायचा खर्चच एवढा की माणूस गपचूप भरतो. लोन पण पुष्कळदा गाडीसारखं मिळतं, व्याज जास्त. भावाला एकदा विचारा, जागा कुणाची आहे. तो स्वतःच्या जागेवर असेल तर चांगलंच झालं.

आता मुंबईत व्हॅन. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅरव्हॅनसाठी धोरण आणलंय खरं, पण ते पर्यटनासाठी, संसार थाटायला नाही. व्हॅन आरटीओच्या दृष्टीने गाडी, बँकेच्याही दृष्टीने गाडीच, होम लोन विसरा. पाणी कुठून भरणार, मैला कुठे सोडणार, आणि लालबागला पार्किंग? गणपतीत तर तुम्हालाच उभं राहायला जागा मिळत नाही!

कंटेनरचं जरा बोलू, कारण त्यात तथ्य आहे. वीस फुटी कंटेनर म्हणजे 8 बाय 20, एकशे साठ चौरस फूट. म्हणजे बरोब्बर मुंबईतल्या जुन्या बीडीडी चाळीतली खोली! त्या खोलीतून सुटायला लोकांनी पिढ्या काढल्या, आता पुनर्विकासात पाचशे चौरस फूट मिळतंय, आणि तुम्ही पैसे देऊन परत एकशे साठमध्ये जाणार. चाळीस फुटी घेतलात तर दुप्पट, तेवढं जमू शकतं. पण पत्रा आहे तो, मेमध्ये मुरबाडला आतून इन्सुलेशन नसेल तर आईंना दुपार काढता येणार नाही, आणि पावसाळ्यात गंजायला लागतो, रंगरंगोटी अधूनमधून करावीच लागते.

खरी गोम शेतजमिनीची आहे. सासऱ्यांचं नाव सातबाऱ्यावर आहे म्हणजे जमीन सासऱ्यांची (आणि उद्या तुमच्या मेहुण्यांचीसुद्धा, हे बायकोला विचारून घ्या), तुमची नाही. पाया खणला नाही, नुसता ठेवलाय, असं म्हणून तिथे कायम राहता येत नाही, राहायला वापरायची तर परवानगी लागते. आणि शेजारी कुणी म्हणाला की दोन गुंठे फार्महाऊस प्लॉट देतो, तुम्ही पण घ्या, तर हात जोडा. कलेक्टरच्या परवानगीशिवाय शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही आणि असले प्लॉट पाडून विकणारे हे तुम्हाला शेवटी सांगतात. शनिवार-रविवारला सासुरवाडीची जागा म्हणून कायदेशीर परवानगीने ठेवा, मुलीला मजा येईल. पण हे तुमचं घर झालं असं समजून मुंबईतल्या घराचे पैसे त्यात घालू नका.

तुमच्या उत्पन्नात काय करण्यासारखं आहे ते सांगते. म्हाडाच्या मुंबईकडच्या सोडतीत नवरा-बायकोचं मिळून सहा ते नऊ लाख म्हणजे अल्प उत्पन्न गट, तुम्ही त्यात बसता, तेव्हा डोमिसाइल आणि इन्कमचे कागद आजच तयार ठेवा, सोडत निघाल्यावर धावपळ करणारे बरेच जण त्यातच बाद होतात. पीएम आवास योजनेच्या 2.0 मध्ये नऊ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना व्याजात सूट आहे, घर 35 लाखांपर्यंतचं आणि लोन 25 लाखांपर्यंतचं हवं, पहिल्या आठ लाखांवर चार टक्के, जास्तीत जास्त एक लाख ऐंशी हजार, तेही पाच हप्त्यांत. अट अशी की तुमच्या, बायकोच्या किंवा मुलीच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नको. गावच्या घराला तुमचं नाव लागलेलं असेल तर आधी ते बघा.

प्रश्न : नालासोपाऱ्याला वन बीएचके मिळतोय, आजूबाजूच्या रेटपेक्षा आठ लाख कमी. रेरा नंबर आहे, बिल्डर म्हणतो आजच दोन लाख टाका नाहीतर जाईल. टाकू का?
– एक वाचक, दहिसर

उत्तर : नका टाकू.

आजच जाईल म्हणतोय तर जाऊ दे. तुमच्याच नालासोपाऱ्यात 2024 च्या शेवटी आणि 2025 च्या सुरुवातीला मिळून 41 इमारती पाडल्या, डम्पिंग ग्राउंड आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव जागेवर बांधलेल्या. लोकांनी पैसे भरले होते, वर्षानुवर्षं राहत होते, मुलांच्या शाळा तिथेच. आणि रेरा नंबरवर (म्हणजे प्रकल्पाच्या सरकारी नोंदणीवर) विसंबून राहू नका, कल्याण-डोंबिवलीत 65 इमारतींनी महापालिकेच्या खोट्या परवानग्या जोडून रेरा नंबर मिळवला होता, हायकोर्टाने नोव्हेंबर 2024 मध्ये त्या पाडायचा आदेश दिला. म्हणून सीसीची (बांधकाम सुरू करायच्या महापालिकेच्या परवानगीची) कॉपी घेऊन वसई-विरार महापालिकेच्या नगररचना विभागात स्वतः जा आणि विचारा, हा सीसी नंबर तुमच्या रजिस्टरमध्ये आहे का. एक सुट्टी जाईल, चालेल. जमिनीचं आरक्षण पण तिथेच विचारा, सातबारा तलाठ्याकडून बघा. वकिलाचे पैसे वाचवू नका.

इमारत पूर्ण असेल तर ओसी मागा, म्हणजे राहायला परवानगी असल्याचा महापालिकेचा दाखला. "येतेय, अप्लाय केलंय" हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलंय की आता तोंडपाठ आहे, आणि एका फायलीत ते बारा वर्षं येतच होतं. दहा टक्क्यांपेक्षा जास्त पैसे रजिस्टर्ड अॅग्रीमेंट झाल्याशिवाय बिल्डरला घेता येत नाहीत, हा कायदाच आहे, तेव्हा तो जास्त मागत असेल तर तेवढ्यावरूनच ओळखा.

प्रश्न : बोरिवलीत जुना फ्लॅट घेतोय, साठ लाख. माझ्या आणि मिसेसच्या जॉइंट नावावर घेतला तर स्टॅम्प ड्युटी कमी लागेल ना?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : नाही. मुंबईत सहा टक्के आहे, महिलेसाठी पाच, पण एकट्या महिलेच्या नावावर घेतला तरच. जॉइंटमध्ये तुमचं नाव आलं की सूट गेली. साठ लाखांवर साठ हजारांचा फरक आहे (रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला भाव साठच्या वर निघाला तर ड्युटी त्यावर लागेल, तेवढं बघून ठेवा). रजिस्ट्रेशन फी एक टक्का, पण तीस हजारांच्या वर जात नाही. मिसेसच्या एकटीच्या नावावर घ्यायचं की नाही हे घरी बसून ठरवा, त्यात मी पडत नाही. फक्त त्यांचा पगार लोनला पुरत नसेल तर बँक तुम्हाला सहकर्जदार करेल, म्हणजे हप्ता तुमचा, फ्लॅट त्यांचा. आधी बँकेत विचारून या, मग टोकन द्या.