घरचे वायफाय आणि परकी माणसे : वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे

प्रश्न (शहापूर, बेळगाव) : आमच्या माडीवर शिकणारी मुले भाड्याने राहतात. आधीच्या भाडेकरूंना वायफायचा पासवर्ड दिला होता. हल्ली रात्री नेट फार मंद चालते. बाहेरचे कोणी वापरत असेल, तर ते कसे ओळखावे?

उत्तर : राउटरच्या, म्हणजे वायफाय देणाऱ्या डबीच्या, तळाशी चिकटवलेल्या कागदावर एक पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ असा. वायफायला जोडलेल्या फोनच्या ब्राउझरमध्ये तो इंग्रजी अंकांत टाइप केल्यास राउटरचे पान उघडते आणि जोडलेल्या उपकरणांची यादी दिसते. अनोळखी नाव दिसले म्हणून लगेच शेजाऱ्यांवर संशय घेऊ नका. हल्लीचे फोन आपली खरी ओळख लपवून बदलता क्रमांक दाखवतात, त्यामुळे ते नाव तुमच्याच सुनेच्या फोनचेही असू शकते. घरातल्या सगळ्या उपकरणांचे वायफाय बंद करून मग यादीत काय उरते ते पाहा. जुन्या घरांच्या जाड भिंतींमुळेही वेग पडतो, हे ध्यानात असू द्या. पासवर्ड मात्र आजच बदला आणि भाडेकरूंसाठी राउटरमधील 'गेस्ट नेटवर्क', म्हणजे पाहुण्यांसाठीचे वेगळे वायफाय, चालू करून त्याला वेगळा पासवर्ड ठेवा. भाडेकरू बदलला की तेवढाच बदलावा लागेल.

प्रश्न (निपाणी) : केबलवाल्याने जोडणी देताना माझा मोबाइल नंबरच पासवर्ड ठेवला. लक्षात राहतो, मग बिघडले कुठे?

उत्तर : तुमचा नंबर दुकानाच्या पाटीवर असेल, तर तो पासवर्ड साऱ्या बाजारपेठेला ठाऊक आहे. नसला तरीही धोका आहेच. फोन राउटरला जोडला जाताना दोघांत जी देवाणघेवाण होते, ती रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसालाही टिपता येते. ती घरी नेऊन तो संगणकावर एकामागून एक पासवर्ड पडताळून पाहतो आणि तुम्हाला त्याची चाहूलही लागत नाही. आपल्याकडचे मोबाइल नंबर ६ ते ९ या अंकांनी सुरू होतात, म्हणजे शक्यता ४०० कोटींच्या आत. सेकंदाला काही लाख पासवर्ड तपासणाऱ्या संगणकाला हे काही तासांचे काम आहे.

पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो, म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द रोमन लिपीत लिहून जोडावेत. मांडे, कंदील, सायकल, उंबरा असे काहीतरी. हेच शब्द मात्र वापरू नका, कारण ते आता छापून आले आहेत. कागदावर लिहून कपाटात ठेवायला माझी हरकत नाही, कारण चोरी हवेतून होते, कपाटातून नव्हे.

राउटरच्या पानावर 'डब्ल्यूपीएस' ही पासवर्डाऐवजी बटण किंवा पिन वापरून उपकरण जोडण्याची सोय दिसेल. तीही बंद करा. तिचा आठ आकडी पिन राउटर दोन तुकड्यांत तपासतो, त्यामुळे फार तर ११,००० प्रयत्नांत तो सापडतो, हे २०११ सालीच उघड झाले आहे.

प्रश्न (खानापूर) : नेटवर्कचे नाव लपवले, तर पुरेसे होईल का?

उत्तर : नाही. लपवलेले नाव शोधताना तुमचाच फोन ते बसस्टँडवरसुद्धा हाका मारल्यासारखे सांगत फिरतो. सुरक्षेचा प्रकार 'डब्ल्यूपीए ३' किंवा निदान 'डब्ल्यूपीए २' निवडा. राउटरमध्ये केवळ 'डब्ल्यूईपी' हा जुना प्रकार असेल, तर राउटर बदलाच; ते कुलूप २००१ सालीच फुटले आहे.

प्रश्न (टिळकवाडी, निवृत्त शिक्षक) : आम्ही दोघे फक्त बातम्या पाहतो. आमच्याकडे चोरण्यासारखे काय आहे?

उत्तर : तुमचे नाव, सर. २००८ साली अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी आलेल्या धमकीच्या ईमेलचा माग काढत पोलीस नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका घरी पोहोचले. तेथील परदेशी रहिवाशाच्या उघड्या वायफायवरून तो ईमेल दुसऱ्याच कोणी पाठवला होता. जोडणी ज्याच्या नावावर, त्याच्या दारावर पहिली थाप पडते.

म्हणून वायफायच्या पासवर्डबरोबर राउटरच्या पानाचा पासवर्डही बदलावा. पुष्कळ घरांत तो 'अॅडमिन' असाच राहिलेला असतो, आणि २०१६ साली 'मिराय' नावाच्या विषाणूने असेच कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून जगभरातील लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. 'रिमोट मॅनेजमेंट', म्हणजे घराबाहेरून इंटरनेटवरून राउटर हाताळण्याची सोय, बंद आहे ना, तेही पाहा. कोणी तुमच्या जोडणीचा गैरवापर करून पैशांची फसवणूक केल्याचे कळले, तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा आणि राउटर रिसेट करू नका, कारण त्यातील नोंदी तपासाला उपयोगी पडू शकतात.