वॅक्सिंग आणि स्त्रीवाद

प्रश्न : मी स्त्रीवादी आहे, तरी नियमितपणे वॅक्सिंग करून घेते. ही विसंगती नव्हे का?

उत्तर : वॅक्सिंगने आपला स्त्रीवाद बाटत नाही, मात्र ही आवड सर्वस्वी आपलीच आहे, असेही म्हणवत नाही. अमेरिकेत बिनबाह्यांच्या पोशाखांची फॅशन आल्यावर जिलेट कंपनीने १९१५ मध्ये खास स्त्रियांसाठी रेझर बाजारात आणला आणि काखेतले केस लाजिरवाणे असल्याचे जाहिरातींनी बायकांच्या गळी उतरवले. पुढे दुसऱ्या महायुद्धात नायलॉनचे मोजे दुर्मीळ झाल्यावर उघड्या पायांवरचे केस काढण्याची रीत आणखी पक्की झाली. (पुरुषांच्या काखांची काळजी तेव्हा कोणाला पडली नव्हती.) लग्नसराईत घरच्यांच्या टोमण्यांमुळे पार्लर गाठत असाल, तर ठाम नकार द्यावा, हौस असेल, तर खुशाल करावे. पट्टी ओढल्यावर उठणारे पुरळ दोन-तीन दिवसांत न बसल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.