चैत्रात कीर्तनाच्या साथीला कोकणात गेल्यावर रियाज आणि बाजारहाट कसा जमवता?

रामनवमीच्या उत्सवाला तबल्याच्या साथीला जायचंय, रियाजाला वेळ मिळेल का आणि खाण्यापिण्याचं कसं, असं तुम्ही विचारलंय. मी पुण्याहून गुहागरकडे साथीला जातो, तर तिथलं सांगतो. वेळ ढीगभर मिळतो हो. पाडव्यापासून नवमीपर्यंत उत्सव, कीर्तन रात्रीचं, नवमीला फक्त जन्माचं कीर्तन दुपारी बाराला, बाकी दिवस तुमचाच. घोळ घालते ती हवा.

रात्री काळी चारच्या पट्टीत झकास मिळवलेला, म्हणजे सुरात लावलेला, तबला सकाळी बघावा तर उतरलेला, कारण दमट हवेत वरची चामड्याची पुडी ओलावा धरते आणि ढिली पडते. म्हणून उठल्या उठल्या हातोडी घेऊन गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या वेणीवर, ठोकत बसू नका, ऊन जरा वर आलं की थोडा तो आपणहून चढतो, मग मिळवा आणि दोन तास सलग वाजवून घ्या, दुपारनंतर समुद्रावरून वारं सुटलं की परत नाटकं सुरू. डग्ग्यासाठी पावडरचा डबा न्या, घामाने मनगट चिकटतं आणि घीस, म्हणजे मनगट घासून काढायचा आवाज, निघत नाही.

म्हणजे ऊन वर येईपर्यंतची सकाळ बाजाराची. यजमानांकडे जेवण असतंच पण आयतं गिळायला बरं वाटत नाही, म्हणून काकूंकडून यादी घेऊन मी व्याडेश्वराच्या देवळाकडे बाजारात जातो, किराणा जास्तच असेल तर गुहागरजवळच्या शृंगारतळीच्या बाजारात. कैऱ्या, कुळथाचं पीठ, भाजीला फणसाची कुयरी. नारळ घेऊ नका, घरच्या वाडीतले असतात, विकत आणलात तर हसतील. ज्यांच्याकडे उतरतो तिथे उत्सवात कांदा-लसूणसुद्धा बंद, तेव्हा मासळीचं नाव काढू नका. हापूस एवढ्या लवकर परवडत नाही, भाव विचारायचा आणि पुढे चालायचं.

आता महत्त्वाचं. ओले काजूगर शेकड्यावर मिळतात, घ्याच, उसळ अप्रतिम होते, पण सोललेले घ्या. घरी बिया आल्या आणि काकू विळीवर फोडायला बसल्या तर मदतीच्या उत्साहात पुढे होऊ नका. त्या हाताला खोबरेल फासून बसतात, बी उभी चिरतात आणि आतला गर अलगद काढतात, सालीतला चीक बोटाला लागला की कातडी भाजल्यासारखी होते आणि दोन दिवसांनी सोलवटते. मी नुसता जवळ सरकलो तर, "हात लावू नकोस हो, उतेल! रात्री वाजवायचंय ना तुला?" तर्जनीच गेली तर चाट, म्हणजे तबल्याच्या काठावरचा बोल, कशाने वाजवणार? फार वाटलं तर नारळ खवून द्या.

रियाज काय करायचा, तर माझं मत जरा वेगळं आहे. लोक कायदे-रेले, म्हणजे एकट्याने वाजवायच्या बोलांच्या रचना, घासून जातात, 'धातीट धातीट धाधा तीट' वगैरे, हात मोकळा व्हायला ठीक आहे, पण कीर्तनात कामाला येतो भजनी ठेका, धुमाळी आणि केरवा, हे साथीचे साधे ताल, तेही बुवा ज्या लयीत उचलतील त्या लयीत. बुवा बोलता बोलता दिंडी काय, साकी काय, असली वृत्तातली पदं कधी सुरू करतील नेम नाही. म्हणून मोबाइलवर लेहरा, म्हणजे तालाची फिरती धून, लावून लय सारखी वर-खाली करत नुसता ठेकाच धरून बसतो, लग्ग्या, म्हणजे ठेक्यातले जलद बोल, शेवटी थोड्या. दुपारी जेवून घर झोपतं तेव्हा यजमानांना विचारून देवळाच्या सभामंडपात बसायचं, नाहीतर तबल्यावर पंचा टाकून हळू वाजवायचं. लाईट जाते, मोबाइल आधीच चार्ज ठेवा.

आणि निघताना कोणीतरी कोकमाच्या आगळाची बाटली हातात देणारच, ती तबल्याच्या बॅगेत टाकू नका, झाकण कितीही घट्ट असलं तरी एसटीच्या हादऱ्यांनी पाझरते. सरळ आमसुलं मागून घ्या.