उपास म्हणून सांगितलेलं खोटं

नाशिक

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

जबरदस्ती नाही, दोघंही सज्ञान, तरी पैशासाठी शरीर विकण्याचा धंदा करणं मनाला पटत नाही. मग ते अनैतिक, की नुसतंच कसंतरी वाटणारं, असं विचारलंस.

आधी माझंच सांगते. एड्स प्रतिबंधाच्या कामात नवी होते. जुन्या नाशकातल्या एका खोलीत निरोधची पाकिटं द्यायला गेले. बाईंनी स्टोव्हवर चहा ठेवला, कप दोनदा विसळला, पदराने पुसून पुढे केला. मला तो घेववेना. ‘उपास आहे’ म्हटलं. वार बुधवार. त्या काही बोलल्या नाहीत. कप उचलला आणि पाकिटं मोजून घेतली.

परतताना काळाराम मंदिर लागलं. २ मार्च १९३० ला दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी बाबासाहेबांचा सत्याग्रह इथेच सुरू झाला, दादासाहेब गायकवाड पुढे होते. दारं लावून घेणाऱ्यांना विटाळाचं सोंग करावं लागत नव्हतं रे, अंगावर खराच काटा येत असणार. किळस खरी, आणि अन्यायही त्यांचाच. माझा उपास त्याच जातकुळीचा.

म्हणून आधी व्यवहार बघ. पैसा कुणाच्या हातात राहतो? गिऱ्हाईक नाकारता येतं? उद्या सोडते म्हटलं तर सोडता येतं? एकाही ठिकाणी ‘नाही’ आलं तर अनैतिक काय ते तिथेच सापडेल, आणि बहुधा ते बाईकडे नसेल. गरिबीतली संमती कसली, म्हणशील. खरंय. पण उचल घेऊन वीटभट्टीवर राबणाऱ्या जोडप्याच्या नीतीबद्दल तू कधी विचारलं नाहीस.

‘स्वतःच्या मुलीने केलेलं चालेल का?’ असंही म्हणशील. त्या बाईंनाही चालणार नव्हतं. गटारात उतरणाऱ्यालाही पोराने उतरू नये असंच वाटतं.

कायद्याने सज्ञान बाईने स्वखुशीने हे करणं गुन्हा नाही. छाप्यात निरोध सापडले की पोलीस ते पुरावा म्हणून दाखवायचे. तसं करू नका, बाईला मानाने वागवा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ ला बजावलं. पण १९५६ च्या ‘पिटा’त, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंध कायद्यात, एक कलम आहे: अशा कमाईवर जाणूनबुजून जगणारा, अठरा वर्षांपुढचा कुणीही गुन्हेगार. त्या बाईंचा मुलगा तेव्हा एकोणीसचा होता. कॉलेजची फी आईच भरायची. त्याच्याबद्दल तुझं मन काय म्हणतं, ते सवडीने लिही.

तुझी,
मावशी