१ मिमी अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचा के-वन-सी कॉलेजच्या यूटीएमवर (नमुना ओढून तोडणाऱ्या चाचणी-यंत्रावर) काढता येईल का?

के-वन-सी, म्हणजे जाड नमुन्यात तडा पसरायला धातू किती विरोध करतो तो आकडा, नाही निघणार, पण पत्रा फाटायला किती विरोध करतो ते नक्की मोजता येईल.

तुमचा पत्रा २०२४-टी३ (विमानात वापरतात तो अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातू) आहे, तर त्याचाच हिशोब करू. के-वन-सी मोजण्याच्या एएसटीएम ई३९९ या मानकाची जुनी अट होती की नमुन्याची जाडी किमान २.५ × (के-वन-सी ÷ यील्ड स्ट्रेंथ)² हवी; यील्ड स्ट्रेंथ म्हणजे धातू कायमचा ताणला जाऊ लागतो तो ताण. के-वन-सी ३५ एमपीए√मी आणि यील्ड ३४५ एमपीए धरा. जाडी येते जवळपास २६ मिमी! पातळ पत्र्यात तड्याच्या टोकाशी धातू जाडीच्या दिशेने आकसू शकतो, त्यात बरीच ऊर्जा खर्च होते. म्हणून तोच मिश्रधातू पत्र्यात जास्त चिवट ठरतो आणि तुटलेली कड बहुधा ४५ अंशांत तिरकी दिसते. पत्र्यावर मोजलेला आकडा त्या जाडीपुरताच खरा.

विमानाच्या पत्र्यांसाठी एएसटीएम ई५६१ ची आर-कर्व्ह चाचणी करतात, म्हणजे तडा वाढत जाताना विरोध कसा वाढतो ते मोजतात. तिला रुंद पॅनेल लागतं, शिवाय तड्याजवळ पत्रा फुगू नये म्हणून दोन्ही बाजूंनी आधारपट्ट्या लावाव्या लागतात. कॉलेजात हे अवघड आहे.

तुम्ही एसेन्शियल वर्क ऑफ फ्रॅक्चर (तुटण्यासाठी लागणारी मूळ ऊर्जा) ही पद्धत घ्या. कॉटरेल आणि रेडेल यांनी १९७७ मध्ये ती धातूच्या पत्र्यांवरच वापरली होती. ६० मिमी रुंद पट्ट्यांना दोन्ही कडांनी समोरासमोर खाचा द्या, मधलं लिगामेंट (दोन खाचांमधला न कापलेला भाग) ५ ते २० मिमी ठेवा. प्रत्येक पट्टी पूर्ण तुटेपर्यंत ओढा. भार-विस्थापन आलेखाखालचं क्षेत्रफळ भागिले लिगामेंटचं क्षेत्रफळ, हे लिगामेंटच्या लांबीसमोर मांडा. सरळ रेषा शून्य लांबीपर्यंत मागे नेली की उभ्या अक्षाला जिथे छेदते तो तुमचा आकडा, किलोज्यूल प्रति चौरस मीटरमध्ये.

खरी मेहनत खाचेच्या टोकावर घ्या. नुसत्या वायरकटचं टोक बोथट असतं, त्याने आकडा फुगतो. शक्य असेल तर फटीगने (भार पुन्हा पुन्हा देऊन) बारीक तडा काढून घ्या. विस्थापन क्रॉसहेडवरून (यंत्राच्या सरकत्या दांड्यावरून) घेऊ नका, पट्टी पकडणाऱ्या जॉमधली घसरणही त्यात मोजली जाते; खाचांच्या वर-खाली एक्स्टेन्सोमीटर (ताण-लांबी मोजणारं उपकरण) लावा. कमाल भार भागिले लिगामेंटचं क्षेत्रफळ यील्डपेक्षा कमी आलं तर लिगामेंट पूर्ण यील्ड झालेलं नाही, ती पट्टी बाद करा.

आणि कापण्याआधी प्रत्येक पट्टीवर रोलिंगची (पत्रा कारखान्यात लाटला त्याची) दिशा मार्करने आखा. रोलिंगला समांतर तडा सहसा सोपा जातो, दोन्ही दिशांच्या पट्ट्या एका आलेखात मिसळल्या तर रेषाच जुळणार नाही.