पाटे की कॉइल? म्हणजे गाडीच्या मागच्या चाकांवर एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग बरी की गुंडाळीची?

आधी गाडीत काय भरणार ते सांग. दिंडोरीहून द्राक्षांचे क्रेट आणायचे असतील तर पाटेवाली पिकअपच घे. पाटे वजनही पेलतात आणि चाकं जोडणारा अ‍ॅक्सलही जागेवर धरतात. रिकामी असली की उडते, कंबर सांभाळ! नुसतं त्र्यंबकच्या बाजूला दगडधोंड्यांत फिरायचं असेल तर कॉइल बरी, चाकं जमीन सोडत नाहीत. थारला मागे कॉइल 2020 च्या नव्या मॉडेलपासून आली, आधी पाटेच होते.

जुनी गाडी बघताना ती सपाट जागी लावून मागून वाकून बघ, एका अंगाला कललीय का. मेन (सगळ्यात लांब) पाट्याच्या टोकाच्या वळणाजवळ बारीक चीर, पाट्यांमधला गंज, शॅकलचे (पाट्याचं टोक गाडीला जोडणारी कडी) झिजलेले बुश (सांध्यातले रबर) तपास. खालून ताजा काळा रंग मारलेला दिसला तर जास्तच संशय घे. कॉइलवालीत लिंकचे (अ‍ॅक्सल धरणाऱ्या दांड्यांचे) बुश आधी बघ.