सर्व्हरचा लोड १८ दिसतोय आणि होस्टिंगवाले म्हणतात सगळं ठीक आहे, यातलं खरं काय?

तुमची वर्डप्रेसची साइट शेअर्ड होस्टिंगवर आहे, ती रोज संध्याकाळी सात ते नऊ रखडते. सीपॅनेलमध्ये, म्हणजे होस्टिंगचं खातं सांभाळायच्या पानावर, सर्व्हर लोड १८.४२ आणि शेजारी २४ सीपीयू असं दिसतं. सपोर्टवाले म्हणतात आकडा नॉर्मल आहे. तर लोड अ‍ॅव्हरेज म्हणजे नक्की काय आणि तो किती असावा, हा तुमचा प्रश्न.

सपोर्टवाले बहुतेक खरं बोलतायत, आणि तुमची साइट रखडते हेही खरं आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, कारण तो १८ हा आकडा तुमच्या साइटचा नाहीच. तो त्या अख्ख्या मशीनचा आहे, आणि त्या मशीनवर तुमच्यासारखी शेकडो खाती असू शकतात.

मी कोल्हापुरात राजारामपुरीत बसून चपलांची, गुळाची, मसाल्यांची दुकानं आणि काही शाळा यांच्या साइट सांभाळतो. जवळजवळ सगळ्या शेअर्ड होस्टिंगवर, कारण या लोकांना वर्षाला तेवढंच परवडतं. त्यामुळे हा आकडा वाचायला शिकणं मला भागच होतं.

गळिताच्या हंगामात साखर कारखान्यावर ऊसगाड्यांची रांग बघितली असेल. समजा गव्हाणीपाशी ऊस उतरवायला चार क्रेन आहेत. चार ट्रॉल्या उतरतायत आणि सहा मागं नंबर लावून उभ्या आहेत. लोड झाला १०. म्हणजे काम चालू असलेले अधिक कामासाठी तयार उभे असलेले. क्रेन म्हणजे सीपीयूचे कोर. चार क्रेनला १० म्हणजे रांग लागलीय; चोवीस क्रेनला १० म्हणजे निम्म्याहून जास्त क्रेन मोकळ्या. म्हणून कोर किती हे कळल्याशिवाय लोडचा नुसता आकडा कुणी सांगितला तर त्याला काही अर्थ नसतो.

तुमचं गणित करू. १८.४२ भागिले २४ म्हणजे साधारण ०.७७. एका कोरमागं एकापेक्षा कमी, म्हणजे कागदावर रांग नाही. एक मेख मात्र आहे. सर्व्हरच्या प्रोसेसरमध्ये हायपर-थ्रेडिंग चालू असेल, तर ते २४ म्हणजे खरे १२ कोर, प्रत्येकाचे दोन धागे. दोन धागे मिळून एका कोरच्या दुप्पट काम देत नाहीत. त्यामुळे ०.७७ ला मी निवांत म्हणणार नाही. मशीन कामात आहे, पण बुडालेलं नाही.

एसएसएच, म्हणजे सर्व्हरवर लांबून कमांड चालवायची सोय, मिळत असेल तर अपटाइम कमांड चालवा. तिथं एकाऐवजी तीन आकडे दिसतील: गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांचे. मला त्यातला चढउतार जास्त उपयोगी वाटतो. पहिला मोठा आणि तिसरा लहान असेल तर गर्दी वाढतेय. उलट असेल तर ओसरतेय. तिन्ही सारखेच मोठे असतील तर गर्दी निदान पाव तास टिकून आहे, आणि रोजच असं दिसत असेल तर तिथून बाहेर पडायचा विचार करायला हरकत नाही.

ही सरासरी शाळेतल्या बेरीज-भागाकाराची नाही. सर्व्हर ज्या प्रणालीवर चालतो ते लिनक्स साधारण दर पाच सेकंदांनी मोजणी करतं आणि जुन्या मोजणीचं वजन हळूहळू कमी करत जातं. समजा मशीन पूर्ण रिकामं होतं आणि अचानक दहा प्रोसेस (चालू असलेली कामं) सुरू होऊन चालूच राहिल्या. एका मिनिटानं १ मिनिटाचा आकडा १० दाखवत नाही, सुमारे ६.३ दाखवतो. ५ मिनिटांचा तेव्हा १.८ च्या आसपास असतो, आणि १५ मिनिटांचा एकाच्याही आत. म्हणून वीस सेकंदांचा झटका येऊन गेला तर तुमच्या गिऱ्हाईकाला साइट अडकलेली दिसते आणि नंतर बघणाऱ्या सपोर्टवाल्याला काहीच दिसत नाही.

अजून एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. लिनक्सचा लोड फक्त सीपीयूसाठी थांबलेल्यांचा नसतो. डिस्कवरून वाचायला किंवा लिहायला अडकून पडलेल्या, मधेच उठवता न येणाऱ्या प्रोसेसही त्यात धरतात. कारखान्याच्या भाषेत, क्रेन मोकळी आहे पण ट्रॉली वजनकाट्यावर पावतीसाठी अडकलीय. ती पण रांगेत मोजायची. १९९३ मध्ये मॅथियास उर्लिक्स यांनी हा बदल लिनक्समध्ये सुचवला. त्यांचं म्हणणं सरळ होतं: स्वॅपची (मेमरी कमी पडली की वापरायची) वेगवान डिस्क काढून संथ डिस्क लावली तर मशीन मंदावतं, आणि लोडचा आकडा मात्र उलट खाली येतो, हे पटण्यासारखं नाही. त्यामुळे शेअर्ड सर्व्हरवर रात्री सगळ्या खात्यांचा बॅकअप सुरू झाला की लोड उडी मारतो आणि सीपीयू मात्र बऱ्यापैकी रिकामा असतो. अशा वेळी टॉप कमांडमध्ये डब्ल्यूए (wa) नावाचा टक्का बघा, तो डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ. तो वाढलेला असेल तर दुखणं डिस्कचं आहे.

आता तुमच्या रखडण्याकडे येतो, कारण तुमचं उत्तर मला तिथंच दिसतंय.

बऱ्याच शेअर्ड होस्टिंगवर क्लाउडलिनक्स, म्हणजे अशा होस्टिंगसाठीच बनवलेलं लिनक्स, असतं. त्यात प्रत्येक खात्याला वेगळं कुंपण असतं: सीपीयू किती, मेमरी किती, डिस्कचा वेग किती, आणि एका वेळी पीएचपीच्या (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिच्या) किती विनंत्या आत घ्यायच्या. या शेवटच्याला एंट्री प्रोसेस म्हणतात. सीपॅनेलमध्ये रिसोर्स यूसेज नावाचं पान असतं, तिथं या सगळ्याचे आलेख असतात. मशीनचा लोड ५ असो की ५०, तुमचं कुंपण भरलं की तुमची साइट थांबणार. सीपीयूचं कुंपण भरलं तर विनंती हळू चालते, चूक काहीच दिसत नाही. एंट्री प्रोसेस संपल्या तर ५०८ क्रमांकाचा एरर येतो.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर आमच्या एका चपलावाल्यांचा फोन आला. "साइट उघडंना झालीया, गिऱ्हाईक फोन करून राहिल्यात." सर्व्हरचा लोड बघितला: ३२ कोरला ९. होस्टिंगवाल्यांनी हात वर केले होते आणि त्यांचं बरोबर होतं. रिसोर्स यूसेज उघडलं तर एंट्री प्रोसेसचा आलेख वीसच्या रेषेला डोकं टेकवून सपाट पडलेला, सकाळपासून. त्यांची मर्यादा वीसच होती. पण गिऱ्हाईक तर एवढी नव्हती, ऑर्डर आदल्या दिवशीइतक्याच.

मग रॉ अ‍ॅक्सेस लॉग, म्हणजे साइटवर आलेल्या प्रत्येक विनंतीची नोंद, उतरवून घेतला आणि ओळ न् ओळ बघत बसलो. त्यांच्या साइटवर फिल्टर होते: प्रकार कापशी, पायताण, कचकडी, पुकरी, मग माप सहापासून अकरापर्यंत, मग रंग, मग किंमत. एक बॉट (आपोआप पानं मागत फिरणारा प्रोग्राम) यातली प्रत्येक जोडी धरून वेगळं पान मागत होता. कापशी आठ नंबर तपकिरी, कापशी आठ नंबर काळी, कापशी नऊ नंबर तपकिरी. प्रत्येक पत्ता नवा, म्हणून पानं तयार करून साठवणाऱ्या कॅश प्लगिनकडे तयार पान नाही. प्रत्येक वेळी पीएचपी उठणार, डेटाबेसमध्ये शोधणार, पान बांधणार. सेकंदाला तीन-चार अशा विनंत्या आल्या आणि एकेकीला पाच-सहा सेकंद लागले, की वीस जागा भरल्याच. खरं गिऱ्हाईक दाराबाहेर.

त्या बॉटला एचटीअ‍ॅक्सेस या सर्व्हरच्या नियमांच्या फाइलमधून नाव धरून अडवलं, फिल्टरचे पत्ते रोबोट्स या बॉटांसाठीच्या सूचनांच्या फाइलमध्ये बंद केले. अर्ध्या तासात आलेख तीन-चारवर उतरला. सर्व्हरचा लोड मात्र तेव्हाही ९ च्या आसपासच होता. एवढ्या मोठ्या मशीनला या दुकानाच्या वीस प्रोसेस म्हणजे काही विशेष नव्हतं.

तुमच्याकडे बॉटच असेल असं नाही. वर्डप्रेसचं स्वतःचं क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय, हा दुसरा नेहमीचा गुन्हेगार. कुणी पान उघडलं की ते बघतं, वेळ झालेलं काही काम आहे का, आणि असलं तर मागच्या बाजूनं आणखी एक पीएचपी विनंती सोडतं. गर्दीच्या वेळेत हे नको असतं. कॉन्फिग फाइलमध्ये ते बंद करून सीपॅनेलच्या क्रॉन जॉबमधून दर पंधरा मिनिटांनी चालवा. त्याशिवाय लॉगमध्ये एक्सएमएल-आरपीसी (बाहेरच्या प्रोग्रामांसाठी असलेलं वर्डप्रेसचं दार) आणि लॉगिनच्या पानावर ठोकाठोक दिसते का बघा. एडिटरचं पान उघडं ठेवून चहाला जाणारी माणसंही असतात. ते पान दर काही सेकंदांनी सर्व्हरला हाक मारत राहतं. तीन जणांनी उघडं ठेवलं तर छोट्या खात्याला ते जाणवतं.

दोष तुमचा की मशीनचा हे ठरवायला मी एक साधी चाचणी करतो. खात्यात तीन गोष्टी ठेवा: चार ओळींची साधी टेक्स्ट फाइल, फक्त एक शब्द छापणारी पीएचपी फाइल, आणि तुमचं नेहमीचं मुखपृष्ठ. संध्याकाळी सात वाजता तिन्ही उघडून ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये पहिला बाइट यायला लागलेला वेळ बघा. टेक्स्ट फाइललाच उशीर होत असेल तर सर्व्हर किंवा नेटवर्क. टेक्स्ट झटकन येते पण एका शब्दाच्या पीएचपीला दोन सेकंद लागतात, आणि त्याच क्षणी तुमचे आलेख मर्यादेपासून लांब आहेत, तर मशीन खरंच भरलंय. दोन्ही झटकन आणि फक्त मुखपृष्ठ रखडतं, तर प्लगिन किंवा डेटाबेस, म्हणजे आपल्याच घरातलं. आलेखाची अट विसरू नका. तुमचं स्वतःचं सीपीयू कुंपण भरलेलं असेल तर ती एका शब्दाची फाइलही रखडेल आणि तुम्ही उगाच होस्टिंगवाल्यांना धराल.

चाचणीत मशीनच दोषी निघालं तर भांडायला पुरावा लागतो. पीएचपीमध्ये लोड अ‍ॅव्हरेज देणारं फंक्शन आहे, sys_getloadavg. काही ठिकाणी ते बंद ठेवलेलं असतं, पण चालत असेल तर दोन ओळींची फाइल करून क्रॉनमधून दर पाच मिनिटांनी वेळ आणि तीन आकडे एका फाइलमध्ये लिहायला लावा. एका गूळ व्यापाऱ्याच्या साइटसाठी मी हे आठवडाभर चालवलं. रोज रात्री आठला २४ कोरला लोड ९० च्या पुढं जात होता आणि त्यांचे स्वतःचे आलेख जमिनीला टेकलेले. तोवर "आमच्याकडून सगळं ठीक आहे" एवढंच उत्तर यायचं. फाइल जोडून तिकीट (सपोर्टकडे लेखी तक्रार) टाकल्यावर दुसऱ्याच दिवशी खातं दुसऱ्या सर्व्हरवर हलवून दिलं.

तिकिटात "साइट स्लो आहे" असं लिहू नका. तारीख, वेळ, त्या वेळचे तिन्ही आकडे, कोरची संख्या, एका शब्दाच्या पीएचपी फाइलला लागलेले सेकंद आणि त्याच मिनिटाचा तुमच्या रिसोर्स यूसेजचा स्क्रीनशॉट, एवढं लिहा. आणि तिकीट टाकायच्या आधी आज संध्याकाळी सातला तेच पान उघडून एंट्री प्रोसेसची रेषा कुठं आहे ते बघा. २४ सीपीयूंना लोड १८.४२ असताना माझा पहिला संशय तिथंच आहे.